पीआरपीसाठी रक्त घेताना या चुका टाळा, आधी नळी बघा

मिरजेत लॅब टेक्निशियन म्हणून मला अकरा वर्षं झाली, त्यातली सहा-सात वर्षं पीआरपीचं रक्त काढायचं, फिरवायचं आणि सिरिंज भरून डॉक्टरांच्या हातात द्यायची हेच काम जास्त. पीआरपी म्हणजे पेशंटचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात गरगर फिरवणाऱ्या मशिनमध्ये, फिरवून प्लेटलेट्सनी (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) भरलेला प्लाझ्मा, रक्तातलं पिवळसर पाणी, वेगळा काढायचा आणि त्रास आहे तिथं टोचायचा. गुडघेदुखीचे पेशंट, टाचदुखीवाले, केस गळतात म्हणून येणारी पोरं, पोलीस भरतीसाठी पळणारी मुलं, आणि आपल्या भागात तालमी आहेत म्हटल्यावर पैलवान तर असतातच. परवा एका नवीन मुलीचा फोन आला, ताई सगळ्या नळीत गुठळी झालीय, सेंट्रिफ्यूज बिघडलंय वाटतं, मशिनवाल्याला बोलवू का? म्हटलं मशीन राहू दे बाजूला, आधी नळीचं लेबल वाचून दाखव. वाचलं तर सीरमची नळी, पिवळ्या टोपणाची, जिच्यात रक्त लवकर गोठावं म्हणून मुद्दाम औषध घातलेलं असतं. तिच्या सरांनी पिवळी नळी घे म्हणून सांगितलं होतं ते एसीडीची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, कारण तिचंही टोपण पिवळंच येतं. चूक त्या पोरीची नाही हो, पण पेशंटचं रक्त गेलं ते गेलंच. म्हणून टोपणाच्या रंगावर कधीच जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतो, लेबलवर आत काय आहे ते वाचा आणि एक्सपायरी पण बघा, जुन्या नळीतला व्हॅक्यूम गेलेला असतो आणि मग रक्त कमी भरतं.

आता हे अँटीकोएग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, ते करतं काय एवढं समजलं की अर्ध्या चुका आपोआप कमी होतात. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट आणि इडीटीए ही अशीच दोन औषधं, दोघंही ते कॅल्शियम पकडून बसतात, फरक एवढाच की सायट्रेटची पकड सैल असते आणि नंतर वरून कॅल्शियम दिलं की रक्त परत गोठू शकतं, इडीटीएची पकड लई घट्ट. हेपॅरिनचं वेगळंच, ते कॅल्शियमला हात लावत नाही, ते गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच रोखतं. आणि पीआरपीत आपल्याला रक्त नुसतं पातळ राहायला नको असतं, प्लेटलेट्स शांत, गोल न होता चपट्या, पोटातली ग्रोथ फॅक्टरची, म्हणजे दुखऱ्या जागेच्या दुरुस्तीला लागणाऱ्या रसायनांची, पोतडी न उघडता पेशंटच्या गुडघ्यापर्यंत पोचायला हव्या असतात. दूध नासलं नाही एवढ्यावर ते चांगलं ठरत नाही, विरजण लागायची ताकद त्यात राहिली पाहिजे, तसंच हे.

जांभळी नळी: सगळ्यात जास्त होणारी चूक

ही चूक मी स्वतः केलीय. नोकरीची सुरुवातीची वर्षं, एका हॉस्पिटलमध्ये पीआरपीचे किट संपले होते, पेशंट टेबलावर, आणि मला सांगण्यात आलं की सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीची, जांभळी नळी घे, त्यातही रक्त गोठत नाही, काय फरक पडतोय. मी घेतलं. पेशंट कुस्ती खेळणारा पोरगा, गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन, म्हणजे स्नायूबंध, दुखायचा त्याचा. फिरवल्यावर प्लाझ्मा इतका सुंदर निघाला, पिवळसर, स्वच्छ, आणि सेल काउंटरवर प्लेटलेट्सपण भरपूर आल्या. मला वाटलं जमलं. ऑर्थोच्या डॉक्टरांनी सिरिंज हातात घेताना सहज विचारलं कुठल्या नळीतलं, आणि सांगितल्यावर ती सिरिंज त्यांनी तिथंच टाकून दिली. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

जांभळ्या नळीत इडीटीए असतं, आणि ते फसवतं ते असंच. त्यात प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत म्हणून मोजणी छान येते, आणि म्हणूनच सीबीसीला ते उत्तम आहे. पण त्यात त्या हळूहळू फुगतात, चपट्याच्या गोल होतात, रिपोर्टवर एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार, वाढत जातो तो त्यामुळंच, आणि बाहेरचं आवरणही बिघडतं. त्यात ती नळी तपासणीसाठी बनवलेली, आतलं परत माणसाच्या शरीरात घालण्यासाठी नाहीच. काउंट चांगला आला म्हणजे पीआरपी चांगलं असं समजू नका, मोजल्या जातात त्या सगळ्या कामाच्या असतात असं नाही.

उलटा प्रकारही होतो बरं का. काही मोजक्या लोकांच्या प्लेटलेट्स इडीटीएत गेल्या की एकमेकींना चिकटतात आणि मशीन रिपोर्टला पन्नास-साठ हजार दाखवतं, पेशंट घाबरतो, डॉक्टर म्हणतात एवढ्या कमी प्लेटलेट्सवर पीआरपी नको. अशा वेळी स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली गुच्छ दिसतात का बघायचं आणि सायट्रेटच्या नळीत परत मोजायचं, आलेल्या आकड्याला १.१ नं गुणायचं कारण ९ भाग रक्तात १ भाग औषध मिसळलेलं असतं.

हेपॅरिनची हिरवी नळी तर पीआरपीला घेऊच नका. प्लेटलेट्स त्यात चिकटतात, आणि नंतर जेल करायला कॅल्शियम घातलं तरी थ्रॉम्बिन रोखलेलं असल्यानं धड जेल होत नाही.

मग घ्यायचं काय, तर एसीडी-ए किंवा ३.२ टक्के सोडियम सायट्रेट. एसीडी-एमध्ये सायट्रेटबरोबर सायट्रिक ॲसिड आणि डेक्स्ट्रोज असतं, १ लिटरला २२ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि २४.५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे प्लेटलेट्सना खायला साखर आणि वातावरण जरा आंबट. त्या आंबटपणामुळं दुसऱ्या स्पिनला, म्हणजे परत फिरवताना, प्लेटलेट्स तळाला दाबल्या गेल्या तरी एकमेकींना पटकन धरत नाहीत, मला तरी एसीडीचं तळातलं बटन, म्हणजे प्लेटलेट्सचा गोळा, अलगद सुटताना दिसतं. साधं सायट्रेट एवढं आंबट नसतं. दोन्हीवर चांगलं काम होतं, डॉक्टरांच्या प्रोटोकॉलमध्ये जे आहे तेच दरवेळी वापरा, आज हे उद्या ते करू नका.

खुणेपर्यंत भरा

१९१४ मध्ये ब्रुसेल्सला हुस्टिन आणि ब्यूनोस आयर्सला आगोते यांनी सायट्रेट घालून रक्त चढवलं, आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लेविसोननं ०.२ टक्के एवढं सायट्रेट पुरतं आणि माणसाला सोसतं हे दाखवलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही नुसतं औषध सापडून भागलं नाही, माप ठरवावं लागलं, आणि आपण आज तयार नळी हातात असून माप चुकवतो. शिरा बारीक असल्या, बाईमाणूस घाबरलेली असली की ९ मिलीच्या जागी ५ मिली रक्त येतं आणि आपण चालतंय म्हणून फिरवतो. मग त्याच १ मिली औषधात निम्मं रक्त, एसीडी असेल तर पीआरपी जास्त आंबट आणि इंजेक्शन देताना पेशंट कळवळतो, मग डॉक्टर विचारतात आज एवढी आग का होतेय. आणि उलट, हातानं सिरिंजमध्ये औषध कमी ओढलं तर बारीक बारीक धाग्यासारख्या गुठळ्या होतात, त्या प्लेटलेट्स ओढून घेतात आणि वरचा प्लाझ्मा रिकामाच. किट कुठलं आहे त्यावर माप ठरतं, कुठं १ ला ९, कुठं ८.५ मिली रक्ताला १.५ मिली औषध, ते पाकिटावर वाचा.

सिरिंजमध्ये औषध आधी ओढा, रक्त नंतर, आणि सुईपर्यंत सगळं औषधानं भिजलेलं असू द्या. २१ नंबरची सुई, बारीक नको. दंडाला पट्टा मिनिटभराच्या वर नको, जोरात ओढू नका, एकाच दंडात चार वेळा खुपसत बसू नका, पहिल्या फटक्यात नीट नाही आलं तर दुसरा हात बघा. भरल्यावर नळी आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करा, ताक घुसळल्यासारखं हलवलं की लाल पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी येतो. गुलाबी आला तर द्यायचा की नाही ते डॉक्टरांना विचारा, गुपचूप देऊ नका.

सेंट्रिफ्यूजबद्दल एकच सांगते, आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, दुसऱ्याचा कॉपी करू नका. ३००० आरपीएमला १० सेंटीमीटर त्रिज्येच्या रोटरवर (नळ्या धरून फिरणारा भाग) साधारण १००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोर, पडतात आणि १५ सेंटीमीटरवर १५००, म्हणजे एकच आकडा, दीडपट जोर.

बर्फात ठेवू नका

तासगाव-पलूसकडच्या एका कॅम्पात एप्रिलच्या उन्हात नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवून गाडीवर आणलेल्या मी बघितल्यात, आणणाऱ्या पोराला वाटलं थंड ठेवलं म्हणजे टिकेल. प्लेटलेट्सना थंडी लागली की त्यांचा आकार बदलतो, त्या जाग्या होतात. ब्लड बँकेतसुद्धा त्या २०-२४ डिग्रीला हलवत ठेवतात, फ्रीजमध्ये नाही. पीआरपी शक्यतो जिथं द्यायचं तिथंच बनवा.

कॅल्शियम घालून पीआरपी ॲक्टिव्हेट करायचं, म्हणजे प्लेटलेट्स मुद्दाम जाग्या करायच्या, असेल तर डॉक्टर तयार झाल्यावरच घाला. गोठायला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच बरेचसे ग्रोथ फॅक्टर बाहेर पडतात, आणि आधी घालून ठेवलं तर सिरिंजमध्येच जेल होऊन सुई तुंबते.

पेशंटच्या गोळ्या

नळीतलं औषध आणि पेशंट खातो ती रक्त पातळ करायची गोळी, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि लोक फार गल्लत करतात. ॲस्पिरिन प्लेटलेट्सनाच गप्प करतं आणि एकदा गप्प झालेली प्लेटलेट तिचं आयुष्य, म्हणजे ८-१० दिवस, तशीच राहते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनचा परिणाम तात्पुरता, पण दुखतंय म्हणून मेडिकलमधनं रोज घेत असतील तर सांगायलाच पाहिजे. वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम प्लेटलेट्सना हात लावत नाही, पण सुई टोचल्यावर रक्त थांबण्याचा प्रश्न असतो, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, बघून डॉक्टर ठरवतात. मी विचारताना गोळीचं नाव विचारत नाही, म्हणते, मामा, पिशवीतल्या सगळ्या गोळ्या काढून दाखवा. एका मामांनी स्टेंट बसवलेली असताना पीआरपीसाठी म्हणून ॲस्पिरिन चार दिवस आपल्या मनानं बंद केली होती, शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून. माझ्या तर पोटात गोळा आला. गुडघा वाट बघेल, हृदय नाही बघणार हो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी कुणीही बंद करू नका, आम्ही सांगितलं तरी करू नका. त्यांचं पीआरपी त्या दिवशी रद्द केलं आणि सरळ त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

आमच्या रजिस्टरला मी आता प्रत्येक पीआरपीला एवढं लिहिते: नळीत औषध कुठलं, लॉट नंबर, एक्सपायरी, किती मिली रक्त आलं, रक्त काढल्याची वेळ, इंजेक्शनची वेळ, चालू गोळ्या. दोन मिनिटं लागतात. तीन महिन्यांनी पेशंट येऊन म्हणाला काहीच फरक नाही, तर डॉक्टर आणि मी ते पान उघडून बसतो, आणि कधी कधी कारण तिथंच सापडतं, ५ मिली रक्त, एका हातात तिसरा फटका.