कॉम्प्युटर वापरताना या चुका टाळा : ओके दाबायच्या आधी जरा थांबा

परवा रविवारी सकाळी सात वाजता फोन. लांबच्या नात्यातला मुलगा, कॉलेजात शिकतो. "दादा, कॅमेऱ्याचं कार्ड लावलो तर ते फॉरमॅट मागालंय. काय करूचं?" मी म्हटलं, काही करू नकोस, कार्ड काढ आणि ठेवून दे. दोन सेकंद पलीकडून आवाज नाही. मग हळूच, "मघाशी ओके दाबलो ओ."

त्या कार्डात त्याच्या ताईच्या हळदीचे फोटो होते. दुसरीकडे कुठेही नव्हते.

गेली सतरा-अठरा वर्षं मी बेळगावात नातेवाईक, शेजारी, ओळखीपाळखीचे यांचे कॉम्प्युटर बघतोय. तो माझा धंदा नव्हे. आवड आहे, म्हणून करतो. आणि एवढ्या वर्षांत चुका त्याच. मशीन बदलली, विंडोज बदललं, चुका बदलल्या नाहीत. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

फॉरमॅट विचारलं म्हणजे करायलाच पाहिजे असं नाही

पडद्यावर फॉरमॅट विचारणाऱ्या त्या खिडकीचा अर्थ आधी समजून घ्या. डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. पेनड्राइव्ह मध्येच ओढून काढला, कार्डाची पट्टी मळली, लाइट गेली, की ती बिघडते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते म्हणतं, नवी करू का? नवी करणं म्हणजे फॉरमॅट. झटपट फॉरमॅटमध्ये पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पानं बहुतेक तशीच राहतात. त्यामुळे ओके दाबलं तरी सगळं संपलेलं नसतं. खरा घात पुढच्या अर्ध्या तासात होतो. घाबरलेला माणूस इंटरनेटवर दिसेल ते फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर उतरवतो आणि त्याच ड्राइव्हवर टाकतो, किंवा "चालतंय काय बघू" म्हणून त्याच कार्डावर चार नवे फोटो काढतो. जुन्या पानांवर नवी शाई पडली की ती पानं कुणालाच वाचता येत नाहीत.

या मुलाने फॉरमॅटनंतर कार्डाला हात लावला नव्हता, हे नशीब. मी फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो, आणि सापडलेलं सगळं नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. फोटो जवळजवळ सगळे मिळाले, पण नावं गेली, नुसते आकडे. तारखा फोटोच्या आत नोंदलेल्या असतात, त्यावरून लावून घेतले. व्हिडिओ मात्र तीनपैकी एकच चालला. मोठी फाइल कार्डावर बऱ्याचदा तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असते आणि ते तुकडे अनुक्रमणिकेशिवाय जुळत नाहीत. ताईला हळद लावताना आजी ओवी म्हणत होती, तो व्हिडिओ गेला. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो.

आणि हे सगळं कार्ड, पेनड्राइव्ह आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं. एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी नवी डिस्क असेल तर फॉरमॅट होताच विंडोज तिला "ही जागा मोकळी" असं कळवून टाकतं आणि ती आतून साफ होते. तिथे माझ्यासारख्याला फोन करून उपयोग नाही.

माझी पद्धत अशी : महत्त्वाची गोष्ट तीन ठिकाणी. एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावात. माझी तिसरी डिस्क निपाणीला मामांकडे असते. दिवाळीला जातो तेव्हा जुनी आणतो, नवी ठेवतो. दुसऱ्या गावाचा आग्रह का? 2019 च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा आणि मलप्रभेचं पाणी गोकाक, रामदुर्ग भागात घराघरांत शिरलं, तेव्हा कपाटातला कॉम्प्युटर आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क दोन्ही एकदम भिजली अशी घरं मी बघितली. फोटो मोबाइलमध्ये आहेत म्हणजे सुरक्षित आहेत असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. मोबाइल हरवला की ते स्वतःच येतात.

जुन्या फॉन्टमधला मजकूर म्हणजे कुलूप लावून किल्ली हरवणं

आपल्या भागात या चुकीने जेवढं नुकसान केलंय तेवढं व्हायरसनेही केलं नसेल.

खानापूर तालुक्यातल्या एका गावची महालक्ष्मी यात्रा ठरली होती, बऱ्याच वर्षांनी भरणारी. गावातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. मागच्या यात्रेनंतर त्यांनी गावचा इतिहास, भाऊबंदक्यांच्या वंशावळी, मानकऱ्यांचे हक्क, देवळाच्या जमिनीची हकिकत, सगळं गोळा करून शहापुरातल्या एका छापखान्यात टाइप करून घेतलं होतं. दोनशेहून जास्त पानं. छापखाना बंद झाला, ऑपरेटर पुण्याला गेला, आणि गुरुजींच्या हातात एक सीडी राहिली. आता ती स्मरणिकेसाठी हवी होती. सीडी लावली, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंस यांची नुसती खिचडी. गुरुजी म्हणाले, "खराब झाली काय?" फाइल ठणठणीत होती. फॉन्ट नव्हता.

हे असं का होतं ते ऐका. त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठीचा तुकडा बसवलेला असे. कुठे काना, कुठे अर्धा क, कुठे रफार. कॉम्प्युटरच्या लेखी ती फाइल इंग्रजीच. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट काढला की खरं रूप उघडं पडतं. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एका फॉन्टचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. अशा फाइलमध्ये "महालक्ष्मी" शोधायला गेलात तर ती सापडत नाही, कारण तिथे तो शब्द मराठीत लिहिलेलाच नसतो. कन्नडचे जुने फॉन्टही असेच. म्हणून आपल्याकडच्या दोन भाषांतल्या लग्नपत्रिका एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेल्या की दोन्ही बाजू फुटतात.

युनिकोड म्हणजे जगातल्या भाषांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात ही भानगड नाही. तिथे क ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, कन्नडच्या क ला त्याचा वेगळा. फॉन्ट बदला, मशीन बदला, मोबाइलवर पाठवा, क हा क च राहतो. हे 1991 पासून उपलब्ध आहे आणि तरीही आज 'दुकानात चालतो तोच फॉन्ट दे' म्हणणारे आहेत, याचा मला मनापासून त्रास होतो.

गुरुजींच्या फाइलचा फॉन्ट शेवटी छापखान्याच्या मालकांच्या घरी माळ्यावर पडलेल्या जुन्या मशीनमध्ये सापडला. एक दुपार धूळ झटकण्यात गेली, मशीन तिसऱ्यांदा सुरू झालं, आणि फॉन्टच्या फोल्डरमधून ती एक फाइल उचलून आणली. मग कन्व्हर्टरमधून, म्हणजे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, मजकूर युनिकोडमध्ये घेतला. इथे घाई करणारे फसतात, कारण वरवर पाहता सगळं मराठी दिसतं. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं. जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गोंधळतो. आमच्या फाइलमध्ये 'निर्मिती'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली होती, आणि 'पुजाऱ्याचे' जिथे जिथे होतं तिथे 'पुजार्याचे' झालं होतं. वंशावळीत तर एका नावाची वेलांटी सरकली की माणूसच बदलतो.

चार रात्री आम्ही बसलो. गुरुजींकडे जुनी छापील प्रूफं होती. ते मोठ्याने वाचायचे, मी पडद्यावर बोट ठेवून दुरुस्त करायचो. एका पानावर त्यांच्या वडिलांचं नाव आलं तेव्हा ते थांबले, चष्मा पुसला, आणि मग म्हणाले, "इथं ळ पाहिजे." यात्रेच्या आठ दिवस आधी स्मरणिका छापून आली.

उपाय दोन. जुन्या फाइल असतील तर आजच, छापखाना चालू आहे तोवर, ऑपरेटर गावात आहे तोवर, युनिकोडमध्ये करून घ्या, आणि त्यासोबत एक पीडीएफ ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट बहुतेक वेळा आतच बसवलेला असतो, निदान डोळ्यांनी वाचता तरी येईल. आणि नवं लिहिणाऱ्यांनी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, शिकावा. पंधरा दिवस हात अडखळतात, एवढंच. इंग्रजीत लिहून मराठी करणारी सोय झटपट वाटते, पण ती तुमच्या नावाचं काय करेल सांगता येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आणि मराठीचा क ज्या कळीवर, कन्नडचा क पण त्याच कळीवर. सीमाभागात राहणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं? एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा टाइप होतात. मी माझ्या भाचीला असंच शिकवलं, आज ती कन्नडचा गृहपाठ त्याच हाताने करते.

नाव न वाचता फॉर्म पाठवणं

आपल्याकडे बऱ्याच सरकारी फॉर्मवर नाव इंग्रजीत भरलं की खाली कन्नडमध्ये आपोआप उमटतं. लोक ती ओळ वाचतच नाहीत. मग दाखल्यावर मराठी शाळेतलं नाव एक, कार्डावर कन्नडमधलं दुसरं, आणि दुरुस्तीसाठी सहा फेऱ्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये र्‍हस्व-दीर्घ कळत नाही, ळ आणि ल एकच, त्यामुळे मशीन अंदाज करणार आणि चुकणार. आपलं आणि घरच्यांचं नाव कन्नडमध्ये कसं लिहितात तेवढं तरी ओळखायला शिका. कन्नडची बाराखडी आपल्याच क्रमाने जाते, आठवडा पुरतो.

वळीव, इन्व्हर्टर आणि अर्थिंग

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा लोक टीव्हीचा प्लग काढतात आणि इंटरनेटची वायर तशीच ठेवतात. बाहेरून तांब्याची वायर येत असेल तर वीज त्या वाटेनेही येते, राउटर जातो आणि त्याच्यासोबत कॉम्प्युटरचं नेटवर्क पोर्ट. गडगडलं की दोन्ही काढा.

इन्व्हर्टर घेताना साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर लहर देणारा घ्या. स्वस्तातला चौकोनी लहरींचा पंख्याला चालतो, कॉम्प्युटरला त्रास देऊ शकतो.

लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, असं कुणी सांगितलं की मी आधी भिंतीचा सॉकेट बघतो. जुन्या घरांत अर्थिंग नसतंच, किंवा सॉकेटमध्ये जात नाही म्हणून कुणीतरी तिसरी पिन कापलेली असते. कापलेली पिन बघितली की मला राग येतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, आजच.

मशीन स्लो झालं म्हणून

वेग वाढवणारी, कचरा साफ करणारी सॉफ्टवेअर टाकू नका. एकही नाही. दोन अँटीव्हायरस एकदम नकोत. फुकटचं विंडोज चालू करून देणारी फाइल चालवायची तर तिच्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, यातच सगळं आलं.

जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, जमलं तर रॅम 8 जीबी करा. बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं. पोरं मात्र नवा लॅपटॉप मागतात, कारण स्क्रू उघडायला धीर लागतो.

आणि उघडून बघा. वडगावात यंत्रमाग असलेल्या एका घरातला लॅपटॉप सारखा बंद पडायचा. मागचं झाकण काढलं तर पंख्याच्या पुढच्या जाळीवर सुताच्या तंतूंचा जाड थर, नमद्यासारखा, बोटाने अखंड सोलून निघाला. आत वाराच जात नव्हता. साफ करताना एक करा : पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, मगच ब्लोअर मारा. मोकळा पंखा ब्लोअरने भन्नाट फिरतो, त्यात त्याचं बेअरिंग जातं. पावसाळ्यात लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू नका, आतली ओल तिथेच कोंडते. रोज तासभर चालू ठेवा, त्याच्या स्वतःच्या उबेने तो कोरडा राहतो.

विंडोज 10 अजून वापरताय? त्याचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन विंडोज 11 घेत नसेल तर त्यावर लिनक्स मिंट टाका, ती विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली आहे. माझ्या आईच्या मशीनवर मी तेच टाकलंय. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "ते निळं कुठं गेलं?" दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून पंचांग उघडलं.