बंदरातील जागा अडवणाऱ्या या चुका टाळा

कांद्याचा किंवा द्राक्षांचा हंगाम भरात आला की न्हावा शेवा बंदराच्या यार्डात, म्हणजे कंटेनर ठेवण्याच्या आवारात, जागा नसल्याची ओरड पिंपळगाव बसवंतपासून दिंडोरीपर्यंत ऐकू येते. जागा अपुरी पडते हे खरे असले, तरी ती अडवून ठेवणाऱ्या बऱ्याच चुका नाशिकमध्येच होतात आणि दरवर्षी त्याच होतात.

त्यांतली सर्वांत खर्चिक चूक म्हणजे वजन अंदाजाने कळवणे. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन, म्हणजे व्हीजीएम, कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. तरीही अनेक जण हा निव्वळ कागदी सोपस्कार समजतात. यार्डात निर्यातीचे कंटेनर जहाज, उतरण्याचे बंदर आणि वजनाचा गट पाहून एकावर एक रचले जातात. जहाजात जड कंटेनर खाली, म्हणून आधी जातात. त्यामुळे यार्डाच्या थप्पीत ते शक्यतो वर किंवा वेगळे ठेवतात. निफाड तालुक्यातील एका निर्यातदाराने कोलंबोला जाणाऱ्या कांद्यासाठी मागच्या खेपेचाच आकडा उचलून दिला होता, गोण्या मात्र या वेळी जास्त होत्या. कंटेनर हलका समजला जाऊन थप्पीच्या तळाशी बसल्यावर वजनकाट्याची पावती कोणाच्या तरी नजरेस पडली आणि दुरुस्तीची धावपळ सुरू झाली. वरचे कंटेनर उतरवा, त्यांच्यासाठी मोकळी जागा शोधा, हा बाहेर काढा आणि बाकीचे पुन्हा रचा, एवढ्या खटाटोपात क्रेनने जहाजावर एकही कंटेनर चढवला नाही. हलवाहलवीचे बिल आल्यावर त्या गृहस्थांनी, थोड्याशा वजनाने काय बिघडते, असे विचारले!

मी रिकामा कंटेनर घेऊन आलेला ट्रेलर आणि तोच भरलेला ट्रेलर एकाच काट्यावर तोलतो आणि फरकात दारावर छापलेले रिकाम्या कंटेनरचे वजन मिळवतो. यात वेळ जातो, म्हणून नवख्यांना ते पटत नाही.

दुसरी चूक घाईची आहे. कसारा घाटात अडकू या भीतीने गाडी फार आधी पाठवतात आणि लवकर पोहोचल्याचे समाधान मानतात. पण यार्डातील जागा चौरस मीटरइतकीच दिवसांतही मोजायची असते. द्राक्षांच्या रीफरला, म्हणजे शीत कंटेनरला, तर विजेचा प्लगही लागतो आणि प्लग मोजकेच असतात. सीमाशुल्काची कागदपत्रे आणि फॉर्म १३, म्हणजे बंदराच्या गेटातून आत जाण्याचा परवाना, यांची खात्री होण्याआधी गाडी हलवू नये, आणि त्या जहाजाच्या मालासाठी बंदराचा गेट उघडण्याचा व बंद होण्याचा वेळ निघण्यापूर्वी पुन्हा तपासावा, कारण तो बदलतो.

कंटेनर आत गेल्यावर उतरण्याचे बंदर बदलू नये.

‘यार्ड काठोकाठ भरा’ हा सल्लाही ऐकू नये. काढलेला कंटेनर ठेवायला रिकामी जागा उरली नाही, तर क्रेन अडून बसते.

सातपूर-अंबडच्या आयातदारांना बंदरात माल विनाशुल्क ठेवण्याचे दिवस पुरेपूर वापरण्याची हौस असते. बंदर हे गोदाम नव्हे. न्हावा शेवाला पात्र आयातदारांसाठी थेट बंदरातून माल उचलण्याची सोय आहे. ती मिळाली असेल, तर जहाज लागण्यापूर्वीच बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे सीमाशुल्क विवरणपत्र, भरून गाडी ठरवून ठेवावी.