स्पॅनिश भाषांतर करून घेताय? आधी या चुका टाळा

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या व्हील रिम आणि हब बनवतो, आणि एक्स्पोर्टचे कागद मीच बघते. मेक्सिकोतल्या एका डीलरला पहिल्यांदा स्पॅनिश कॅटलॉग पाठवला तेव्हाचं सांगते. छपाई चांगली, भाषांतर एजन्सीकडून पैसे देऊन करून घेतलेलं, आणि चौथ्या दिवशी त्यांचा मेल आला की टायरचे रेट पाठवा. आम्ही टायर बनवतच नाही! शोधाशोध केली तर रिमला सगळीकडे 'यांता' लिहिलेलं. स्पेनमध्ये यांता म्हणजे रिमच, टायरला तिथे नेउमातिको म्हणतात. पण मेक्सिकोत यांता म्हणजे टायर आणि रिम म्हणजे 'रिन'. म्हणजे भाषांतर चुकीचं नव्हतं, आम्ही मेलमध्ये नुसतं "स्पॅनिश पाहिजे" एवढंच लिहिलं होतं, कुठल्या देशासाठी ते लिहिलंच नव्हतं.

देश न सांगणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक

स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे आणि बाजारातले शब्द जागोजागी बदलतात. स्पेअर पार्टला मेक्सिकोत रेफाक्सिओन, स्पेनमध्ये रेकाम्बिओ, दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रेपुएस्तो. बंपर स्पेनमध्ये पाराचोकेस, मेक्सिकोत देफेन्सा. हे फक्त ऑटोवाल्यांपुरतं आहे असं समजू नका, शेंगदाणे पाठवणाऱ्यांनी पण बघा, मेक्सिकोत काकावाते, स्पेनमध्ये काकावेते आणि अर्जेंटिना-कोलंबियाकडे थेट मानी, तीन बाजार आणि तीन लेबलं. "न्यूट्रल स्पॅनिश करून देतो, सगळीकडे चालेल" असं कोणी म्हणालं तर वेबसाइटच्या "आमच्याविषयी" पानाला ते ठीक आहे, पार्ट लिस्टला आणि पाकिटावरच्या लेबलला नको.

देशासोबत मेलमध्ये हेही लिहा की वाचणार कोण, परचेस मॅनेजर की वर्कशॉपमधला मेकॅनिक. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये पण आपल्यासारखंच 'तू' आहे, उच्चारसुद्धा तोच, आणि मानाने बोलायला 'उस्तेद'. नवीन ग्राहकाला कोटेशनमध्ये तू म्हणायचं नाही हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही, फक्त भाषांतर करणाऱ्याला आधी सांगावं लागतं.

नुसती एक्सेलची यादी पाठवू नका

आपल्या पार्ट लिस्टमध्ये एकेकच शब्द असतो, नट, स्प्रिंग, असं. समोरच्याला चित्र दिसत नसेल तर तो काय करणार? नट म्हणजे बोल्टवरचा 'तुएर्का', पण खायचा अक्रोड म्हणजे 'नुएस'. स्प्रिंग म्हणजे 'रेसोर्ते', पण वसंत ऋतू म्हणजे 'प्रिमावेरा'. कॉम्प्युटरकडून केलेल्या यादीत "प्रिमावेरा, १२ नग" असं मी स्वतः वाचलंय. त्यामुळे प्रत्येक आयटमसमोर फोटो किंवा ड्रॉइंग नंबर द्या, आणि ग्राहकाच्या जुन्या परचेस ऑर्डर असतील तर त्या आधी द्या, कारण त्याचा स्वतःचा शब्द त्यात आयता लिहिलेला असतो. आम्ही आता ४०-५० शब्दांची एक यादी करून ग्राहकाकडूनच तपासून घेतो, एका मेलचं काम आहे आणि त्याला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

गुगल ट्रान्सलेट वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आलेला मेल समजून घ्यायला मी रोज वापरते. पण आपल्याकडून बाहेर जाणारा कागद तसाच पाठवू नका, आणि ग्राहकाचं ड्रॉइंग कुठल्याही फुकटच्या साइटवर टाकू नका, गुप्ततेच्या करारावर आपली सही असते.

काम नक्की करणार कोण, हे न विचारणं

पुण्यात स्पॅनिश शिकलेली हुशार मुलं-मुली भरपूर आहेत आणि स्पॅनिशमधून इंग्रजीत किंवा मराठीत आणायला ती उत्तम. पण स्पॅनिशमध्ये लिहायचं असेल तर ज्याची ती मायबोली आहे त्यानेच लिहावं, निदान शेवटचा हात तरी त्याचा असावा. एजन्सीला सरळ विचारा, भाषांतर कोण करणार, तपासणार कोण, दोघं वेगळे आहेत का. आयएसओ १७१०० हे भाषांतर सेवेचं स्टँडर्ड आहे, त्यात दुसऱ्या माणसाने तपासणं सक्तीचं आहे, तेव्हा जो हे सर्टिफिकेट दाखवतो त्याने तपासणाऱ्याबद्दल सांगायला का कू करायला नको. आणि सगळं काम देण्याआधी २००-३०० शब्दांचा नमुना करून घ्या, पैसे देऊन, फुकट मागू नका.

कोर्टात किंवा सरकारी कामाला लागणारे कागद असतील तर गोष्टच वेगळी. स्पेनमध्ये त्यासाठी 'त्रादुक्तोर हुरादो' लागतो, त्याची नेमणूक तिथलं परराष्ट्र खातं करतं. मेक्सिकोत 'पेरितो त्रादुक्तोर' असतो. इथल्या एजन्सीचा गोल शिक्का कितीही छान दिसला तरी त्याच्या जागी चालेल असं धरून चालू नका, कागद घेणाऱ्या ऑफिसला आधी विचारा, नाहीतर दोनदा पैसे जातात.

आकड्यांकडे कोणी बघतच नाही

आमच्या ड्रॉइंगवर २५.४०० मिमी असं असतं. मेक्सिकोत दशांशाला टिंबच वापरतात, तिथे अडचण नाही. स्पेनमध्ये मात्र दशांशाला स्वल्पविराम वापरतात, आणि टिंबाने हजार तोडायची सवय अजून बऱ्याच कागदांत दिसते, मग २५.४०० म्हणजे पंचवीस हजार चारशे! कोटेशनमधला १२,५०,००० हा आपला लाखांचा स्वल्पविराम तर कुठल्याच देशात कळत नाही. आणि 'बिय्योन' म्हणजे बिलियन नाही, ते एक लाख कोटी, बिलियनला ते मिल मियोनेस म्हणतात.

रेटबद्दल थोडक्यात, पर वर्ड भाव इंग्रजी शब्दांवर की स्पॅनिश शब्दांवर हे लेखी घ्या, कारण स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा बऱ्यापैकी लांबतो, साधारण पाचवा हिस्सा तरी धरा. त्याच कारणाने कॅटलॉगचे रकाने आधीच मोकळे ठेवा. काम संपल्यावर ट्रान्सलेशन मेमरीची फाइल, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर जोडीने साठवलेली फाइल, मागून घ्या आणि मिळणार हे ऑर्डर देतानाच ठरवा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच वाक्यं पुन्हा विकत घ्यावी लागत नाहीत.

आणि छापायला देण्याआधी प्रूफ परत भाषांतर करणाऱ्याकडे पाठवाच. फायनल फाइल आपल्या डिझायनरकडे जाते, त्याच्या फॉन्टमध्ये स्पॅनिशची ती 'न्य' म्हणायची, डोक्यावर लाट असलेली एन नसते, आणि साधी एन बसते. वर्षाला ते 'आन्यो' म्हणतात, लाट गेली की होतं 'आनो', म्हणजे गुदद्वार. "२ वर्षांची वॉरंटी" ही ओळ आपल्या प्रत्येक कॅटलॉगमध्ये असते, तेव्हा प्रूफ हातात आलं की मी आधी तीच ओळ शोधते.