मराठीत प्रोग्रामिंगवर लेख लिहिताय? प्रसिद्ध करण्याआधीची तयारी

पहिली ओळ लिहिण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहून ठेवा : लेख वाचून झाल्यावर वाचकाला नेमकं काय करता येईल. ‘पायथनची ओळख’ हे ते वाक्य नव्हे. ‘साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निघालेल्या सीएसव्ही फाइलमधून गावनिहाय ऊस किती आला ते काढता येईल’ हे ते वाक्य. (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल.) यात काय येतं आणि काय येत नाही ते लगेच कळतं. फाइल उघडणं, भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करणं, गावागणिक बेरीज करणं, एवढंच. आलेख काढणं, वेबसाइट करणं हे पुढच्या लेखांचे विषय. वाक्यात दोनदा ‘आणि’ आला तर समजा की लेख दोन आहेत. पुढची सगळी तयारी हेच उदाहरण धरून सांगितली आहे, कारण गळीत हंगामात बेळगाव जिल्ह्याच्या चिक्कोडी-निपाणी पट्ट्यातल्या घराघरांत काट्याच्या पावत्या पडलेल्या असतात आणि वाचकाला हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

मग वाचक ठरवा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे डिप्लोमाला किंवा विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात इंग्रजीतून कोड शिकणारी मुलं आहेत. लूपची व्याख्या त्यांना इंग्रजीतून पाठ असते. तो लूप थांबत का नाही, हे घरच्या भाषेत कुणी सांगितलेलं नसतं. तुमचा लेख त्या जागी उपयोगी पडतो. म्हणून व्हेरिएबलला ‘चल’ आणि प्रोग्रामला ‘आज्ञावली’ म्हणत बसू नका. ते शब्द त्यांना परीक्षेत भेटणार नाहीत, नोकरीत नाहीत आणि एररच्या संदेशातही नाहीत. नावं कोडमधली राहू द्या, समजावणं मात्र अस्सल मराठीत करा.

त्यासाठी लेखात येणाऱ्या वीस-पंचवीस शब्दांची एक वही करा आणि प्रत्येक शब्दापुढे त्याचं लिंग लिहा. कोड तो, फाइल ती, टेबल ते. एरर ‘आला’ की ‘आली’, हे आधी ठरवलं नाही तर तिसऱ्या परिच्छेदात तो येतो आणि सातव्यात ती येते. ‘फाइल’ की ‘फाईल’, ‘फाइलमध्ये’ की ‘फायलीत’, हेही वहीतच ठरवा. वाचक अडला की शब्द शोधत मागे जातो. दोन ठिकाणी दोन लेखनं असतील तर त्याला अर्ध्या जागा सापडतच नाहीत.

आता कोड. लेखातला कोड तुमच्या रोजच्या मशीनवर चालतो याला काही अर्थ नाही, कारण तिथे वर्षभरात बसवलेल्या पन्नास लायब्ररी आहेत. नवी रिकामी फोल्डर घ्या, त्यात नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (मशीनवरच्या इतर लायब्ररींपासून वेगळी ठेवलेली पायथनची कोरी जागा) करा आणि लेखात लिहिलेल्या कमांडच तेवढ्या, लिहिलेल्या क्रमाने, कॉपी करून चालवा. हातानं टाइप करू नका. हात चूक नकळत दुरुस्त करतो आणि लेखातली चूक तशीच राहते. पायथनची आणि प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती लेखाच्या सुरुवातीलाच आकड्यांत द्या. ‘नवीन आवृत्ती’ असं लिहिलेलं वर्षभरात खोटं ठरतं. त्यानंतर तोच कोड विंडोजवर चालवा, तुम्ही स्वतः लिनक्स वापरत असाल तर नक्कीच. कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याकडे ॲडमिनचा पासवर्ड नसतो, म्हणून फक्त स्वतःच्या खात्यापुरतं इन्स्टॉल कसं करायचं ती ओळही द्या.

विंडोजचा आग्रह एवढ्यासाठी की मराठी अक्षरं तिथेच पहिल्यांदा मार खातात. पायथन ३.१४ पर्यंत, फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची ती पद्धत) सांगितलं नाही तर विंडोजवर मशीनचं स्थानिक एन्कोडिंग धरलं जातं, बहुतेक वेळा सीपी-१२५२. फाइल यूटीएफ-८ मध्ये असेल तर ‘बेळगाव’ हा शब्द एरर न देता वाचला जातो, फक्त पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. ‘चिक्कोडी’ आला की मात्र प्रोग्राम थांबतो. कारण असं : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, ‘क्क’ लिहिताना मधे येणाऱ्या हलन्ताचा (पाय मोडण्याच्या चिन्हाचा) शेवटचा बाइट सोळाअंकी पद्धतीत ८डी येतो आणि सीपी-१२५२ मध्ये त्या जागी अक्षरच नाही. ऱ्हस्व उकार, झ आणि ए यांचीही तीच गत. म्हणून नमुना फाइलमध्ये फक्त ‘बेळगाव’ ठेवून चाचणी घेतलीत तर चूक अर्धीच दिसेल; ‘चिक्कोडी’ आणि ‘हुक्केरी’ यांच्या ओळी मुद्दाम घाला. उपाय एका शब्दाचा आहे, एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिणं. पण का लिहायचं ते सांगितलं नाही तर वाचक पुढच्या प्रोग्राममध्ये ते विसरतो.

एक्सेलबद्दल दोन ओळी हव्यातच. नुसतं ‘सीएसव्ही’ म्हणून सेव्ह केलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं बसू शकतात, आणि ती फाइल बंद केल्यावर अक्षरं परत येत नाहीत. यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडायला सांगा. अशा फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते, ती पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते, आणि मग ‘गाव’ नावाचा स्तंभ सापडतच नाही अशी तक्रार येते. पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग दिलं की ती खूण गळते.

नमुन्याची माहिती स्वतः तयार करा, वीस ओळी पुरतात. त्यातल्या पंधरा सरळ ठेवा आणि पाच बिघडलेल्या. वजन टनात न ठेवता किलोत, पूर्णांकात ठेवा : भरलेलं २२४६०, रिकामं ७३१०, निव्वळ १५१५०. एका ओळीत भरलेलं वजन २२,४६० असं स्वल्पविरामासह टाका. आकडा म्हणून ते वाचलं जाणार नाही आणि ते का, हे सांगायची संधी मिळेल. एका ओळीत मराठी आकडे ठेवा. पायथनचं इंट हे फंक्शन ‘१२’ हे मुकाट्याने बारा म्हणून घेतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र ‘संख्या नाही’ असं उत्तर देतं. दोन भाषा शिकणाऱ्याला हा फरक कळला पाहिजे. फोनचा एसटीडी कोड ०८३१ असेल तर तो मजकूर म्हणून ठेवा. संख्या केलीत तर पुढचं शून्य जातं, आणि पायथनच्या कोडमध्ये तसा आकडा थेट लिहिला तर सिंटॅक्स एरर येतो. तारखांचं तर आणखी बिकट. बेळगावचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ रोजी. ०१-११-२०१४ असं लिहून पांडाजला (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) तारीख म्हणून वाचायला द्या, काही न सांगता ते ११ जानेवारी धरतं. दिवस आधी येतो हे कोडमध्ये सांगावं लागतं.

गावाच्या नावांवर थोडं थांबायला हवं, कारण आपल्या भागाची खरी अडचण इथे आहे. एकाच फाइलमध्ये बेळगाव, बेळगावी, इंग्रजीतली जुनी आणि नवी दोन्ही स्पेलिंगं आणि कन्नड लिपीतलं नाव, अशी पाच रूपं सहज सापडतात. गावनिहाय बेरीज केली की एका गावाची पाच गावं होतात आणि एकही एरर येत नाही. उत्तर चुकलंय हे आकडे ओळखणाऱ्यालाच कळतं. लेखात नावांच्या जुळणीचा वेगळा तक्ता द्या, किंवा लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या सरकारी यादीतला गावाचा कोड वापरून बेरीज करा आणि नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवा. दुसरा मार्ग जास्त टिकतो. पिनकोड यासाठी वापरू नका, एका पिनकोडखाली अनेक गावं येतात.

आणि दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं. ‘ॲ’ हे एक चिन्ह म्हणूनही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन रीतींनी येतो : ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना एकच शब्द, संगणकाला दोन, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची रीत) या दोन्ही जोड्या एक करत नाही. पायथनमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, पण अदृश्य जोडचिन्ह असलेलं नाव चालत नाही. कोडमधली नावं रोमनमध्ये ठेवा, पडद्यावरचे संदेश मराठीत. असा कोड बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या कन्नड मित्रालाही वाचता येतो.

लांबी मोजणारा कोड असेल तर ‘निपाणी’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं, लेन फंक्शनला सहा, यूटीएफ-८ च्या फाइलमध्ये अठरा बाइट. पहिलं ‘अक्षर’ कापून घेतलं तर वेलांटीविना नुसता ‘न’ मिळतो. शब्द उलटा करण्याचा नेहमीचा धडा मराठीत का फसतो, ते याच एका शब्दावर पूर्ण समजावता येतं.

लिखाण वर्डमध्ये केलं असेल तर कोड तिथून कधीच उचलू नका. सरळ अवतरणचिन्हं तिथे वळणदार होतात आणि साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा येऊ शकते. दोन्हींमुळे डोळ्यांना न दिसणारा एरर येतो. कोडची फाइल वेगळी ठेवा आणि तिथूनच मार्कडाउनच्या (साध्या मजकुरात खुणा घालून लेखाची मांडणी करण्याची पद्धत) कोडपट्टीत आणा. पट्टीच्या सुरुवातीला भाषेचं नाव लिहा म्हणजे रंग बरोबर लागतात. कोडचा फोटो देऊ नका, त्यातून कॉपी करता येत नाही आणि मोबाइलवर तो वाचवत नाही. एररचा संदेश तर अक्षरन् अक्षर मजकुरात द्या, लोक तोच शोधत येतात. कोडमधल्या मराठी टिप्पण्या स्पेस देऊन एका रेषेत लावायला जाऊ नका. समान रुंदीच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते, अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून येतात आणि रेषा मोडते.

पडद्याची चित्रं तपासताना आधी कडा बघा : फाइलच्या पत्त्यात तुमचं नाव, ब्राउझरचे उघडे टॅब, कोपऱ्यातला ईमेल. शेतकऱ्याचं नाव, आधार क्रमांक, बँक खातं, जमिनीचा उतारा यांतलं काहीही खरं नको. गाडीचा केए-२२ किंवा केए-२३ ने सुरू होणारा खरा नंबरही नको. झाकायचं असेल तर अक्षरं धूसर करू नका, वर काळा चौकोन ठेवा आणि चित्र नव्याने सेव्ह करा. एपीआयची की (बाहेरची सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून गिटमध्ये, म्हणजे कोडचे सगळे बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, गेली असेल तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, ती इतिहासात राहते. ती की रद्द करून नवी घ्या, आधी तेच.

दुसऱ्याचा कोड घेतला असेल तर त्याचं लायसन्स वाचा. ‘इंटरनेटवर होता’ म्हणजे मोकळा नव्हे. लायसन्स लिहिलेलंच नसेल तर वापरण्याची परवानगी नाही असं धरायचं. तुमच्या कोडला एमआयटी लायसन्स आणि मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्स लावणार असाल तर दोन्ही वेगवेगळं लिहा.

मग दोन वाचक गाठा. एक जाणकार, तो तांत्रिक चुका पकडेल. दुसरा विषयात नवखा, आणि त्याच्याकडून जास्त मिळतं. त्याच्या शेजारी बसा, तो कोड चालवत असताना तोंडातून एक शब्द काढू नका, आणि तो जिथे थांबून मागे वळला ती ओळ लिहून ठेवा. त्या प्रत्येक ठिकाणी लेखात एक पायरी गाळलेली आहे.

प्रसिद्ध करताना पानाचा पत्ता रोमनमध्ये, छोटा ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी केला की प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हं होतात. एकट्या ‘बेळगाव’ची चोपन्न. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये नोंदवा. तसं केलं तर मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर योग्य आवाज निवडू शकतं आणि काही फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. लेख दोन ठिकाणी टाकणार असाल तर मूळ कुठला ते कॅनॉनिकल दुव्याने (पानाच्या एचटीएमएलमधल्या मूळ पत्त्याच्या नोंदीने) सांगा. चित्राखाली ते न दिसणाऱ्यासाठी एका वाक्याचं वर्णन द्या. ‘आकृती १’ हे वर्णन नव्हे.

प्रसिद्ध झाल्यावर मोबाइलवर लेख उघडा, कोडपट्टी बोटाने सरकते का ते बघा, आणि कोड त्या पानावरूनच कॉपी करून पुन्हा रिकाम्या फोल्डरमध्ये चालवा. नंतर कुणी चूक दाखवली तर गुपचूप बदलू नका. लेखाच्या वरच्या बाजूला तारीख, काय चुकलं होतं आणि आता काय केलंय, हे तीन गोष्टींचं एक वाक्य टाका, कारण जुना कोड उतरवून घेतलेला वाचक परत आला तर आधी तिथेच बघेल.