ट्रिस, फॉस्फेट, हेपीस: बफर बनवताना या चुका टाळा

मे महिना, संध्याकाळी लॅबचा एसी बंद झालेला, बेंचवर ३३ डिग्री. अशात मी ट्रिसचा (हा एक बफर, म्हणजे पीएच स्थिर धरणारं सोल्यूशन) पीएच ७.५ सेट केला, बाटली कोल्ड रूममध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ४ डिग्रीला कॅटायन एक्स्चेंज कॉलम (पॉझिटिव्ह चार्जचं प्रोटीन पकडून ठेवणारा) चालवला. प्रोटीनचा पीआय (ज्या पीएचला त्याचा एकूण चार्ज शून्य होतो) ८ च्या आसपास, म्हणजे ७.५ ला ते पॉझिटिव्ह असणार आणि कॉलमला चिकटणार असा साधा हिशोब, पण सगळं प्रोटीन फ्लो-थ्रूमधून, म्हणजे कॉलमला न चिकटता, निघून गेलं. दोन आठवडे मी रेझिन बदल, मीठ कमी कर असं करत बसले, बाटलीचा पीएच थंड असताना मोजायचं डोक्यातच आलं नाही.

ट्रिसचा पीकेए (ज्या पीएचला बफर सगळ्यात चांगला धरतो) तापमानासोबत हलतो, दर डिग्रीला साधारण ०.०२८, थंड केलं की पीएच चढतो. २९ डिग्रीचा फरक म्हणजे जवळपास ०.८, म्हणजे माझा बफर कोल्ड रूममध्ये ८.३ ला पोचला होता आणि प्रोटीनचा चार्जच उलटला. मीटरला एटीसी (ऑटोमॅटिक टेंपरेचर कॉम्पेन्सेशन) आहे ना, मग काय काळजी, असं खूप जण म्हणतात. पण एटीसी फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप दुरुस्त करतो, आत्ता आहे त्या तापमानाला पीएच किती ते सांगतो, उद्या फ्रीजमध्ये किती होईल ते नाही. म्हणून बीकर बर्फात ठेवा, मीटरही थंड स्टँडर्डवर कॅलिब्रेट करा आणि मगच ॲसिड घाला. ॲसिड घातल्यावर सोल्यूशन गरम होतं, तेव्हा घाईत रीडिंग घेऊ नका.

आता निवडीचं बघू. बफर पीकेएच्या वरखाली एक युनिटपर्यंतच नीट धरतो. ट्रिसचा पीकेए २५ डिग्रीला ८.१, तरी लोक सवयीने त्यात ६.८ चं काम करतात. तिथे पाइप्स घ्या (पीकेए ६.८), ६ च्या जवळ एमईएस (६.१), ७.५ ला हेपीस. हे नॉर्मन गुड यांच्या टीमने १९६६ मध्ये जीवशास्त्रासाठीच सुचवलेले बफर आहेत आणि हेपीस तापमानाने ट्रिसच्या निम्मंच हलतो. फक्त हेपीस घातलेलं सेल कल्चरचं मीडियम उजेडात ठेवू नका, रायबोफ्लेविनसोबत (व्हिटॅमिन बी२) त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि सेल्स मरतात.

फॉस्फेट तापमानाला जवळजवळ दाद देत नाही, पण कॅल्शियम घातलं की पांढरा गाळ बसतो, आणि अल्कलाइन फॉस्फटेज लावलेल्या अँटीबॉडीचा ब्लॉट (प्रोटीन उतरवलेला मेम्ब्रेन) पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर सलाइन) धुतलात तर फॉस्फेट त्या एन्झाइमलाच दाबतं, सिग्नल पडतो, तिथे टीबीएसच (ट्रिस बफर सलाइन) हवा. उलट फॉर्मल्डिहाइडने फिक्स करताना किंवा एनएचएस क्रॉसलिंकर (प्रोटीनच्या अमाइन ग्रुपला जोडणारं रसायन) वापरताना ट्रिस नको, त्याचा अमाइन ग्रुप रिएजंट खाऊन टाकतो. एसडीएस (प्रोटीन उलगडणारा डिटर्जंट) असलेल्या सँपलमध्ये पोटॅशियमचे क्षार घातले तरी गाळ येतो, सोडियमचे वापरा.

अजून एक, पीएच खाली गेला म्हणून एनएओएच (सोडियम हायड्रॉक्साइड), वर गेला म्हणून परत एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) असं मागेपुढे करू नका, मीठ वाढत जातं आणि प्रत्येक बॅच वेगळी होते, सरळ नवीन बनवा. ०.५ मोलर ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) विरघळत नाही म्हणून गरम करत बसू नका, पीएच ८ जवळ आला की आपोआप विरघळतो. आणि जुलैत आपल्याकडे एनएओएचच्या गोळ्या मिनिटभरात ओल्या होतात, वजनात पाणीच मोजलं जातं, त्यामुळे डबा उघडा ठेवू नका आणि वजनावर विसंबून न राहता पीएच मीटरवर बघूनच थांबा.