दुसऱ्याच्या सरावाला जाऊन बसा

कबड्डी शिकवणारे आपण स्पर्धेत एकमेकांना भेटतो, पण तिथे प्रत्येकाचा जीव आपल्या संघात अडकलेला. खरं शिकायचं असेल तर शेजारच्या मंडळाच्या प्रशिक्षकांना फोन करा आणि त्यांच्या रोजच्या सरावाला जाऊन बसा. सामन्यात निकाल दिसतो. पोरांना ते काय, किती वेळा आणि कोणत्या शब्दांत सांगतात, हे सरावातच कळतं.

जाताना एकच प्रश्न घेऊन जा. समजा, मैदानात तीनच बचावपटू उरले की तुमची पोरं गडबडतात. तिघे किंवा त्याहून कमी असताना पकड झाली तर 2 गुण मिळतात, म्हणून हा प्रसंग मुद्दाम घोटून घ्यायलाच हवा. समोरचे सर कोपरारक्षकाला कुठे उभं करतात, त्याने घोट्याला हात घातल्यावर दुसरा किती लवकर धावून येतो, चूक झाली की ते खेळ तिथेच थांबवतात की चढाई पूर्ण होऊ देतात, एवढंच बघा. मध्ये बोलू नका, पोरांसमोर तर अजिबात नाही. नंतर चहा घेताना विचारा, "सर, हे असं का करून घेता?" आणि पुढच्या आठवड्यात त्यांना तुमच्या मैदानावर बोलवा, नुसतं घेत राहिलं तर हे नातं टिकत नाही.

जवळ कुस्तीची तालीम असेल तर वस्तादांकडेही जा. पट काढताना, म्हणजे खाली झेपावून समोरच्याचा पाय धरताना, पैलवान डोकं आणि खांदा कुठे ठेवतो, हे मांडीची पकड शिकवणाऱ्याने हाताच्या अंतरावरून बघावं.