मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन कसं घालायचं

एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जादा सोय देणारा छोटा प्रोग्राम. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत, तेव्हा तिथे शोधत बसू नका. फायरफॉक्स हा ब्राउझर घ्या. डिसेंबर 2023 पासून त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत शेकडो एक्स्टेंशन खुली झाली आहेत.

तीन टिंबांच्या मेन्यूत 'एक्स्टेंशन्स' उघडा, जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनसमोरचं अधिकचं चिन्ह दाबा, परवानग्या वाचा, मगच 'ॲड' करा. 'सर्व वेबसाइट्सवरचा डेटा' ही परवानगी जाहिराती अडवणाऱ्याला लागतेच. साध्या कॅल्क्युलेटरने मागितली तर सरळ नाही म्हणा. सुरुवातीला यूब्लॉक एकच पुरे. विरार लोकलमध्ये नेटवर्क रडत असताना जाहिराती उतरल्याच नाहीत की पान लवकर उघडतं, डेटाही वाचतो.

घोळ होतो तो पैसे भरताना. तिकिटाचं किंवा वीजबिलाचं पान ओटीपीपाशी अडकलं, तर मेन्यूतून यूब्लॉक उघडा, मोठं पॉवरचं बटण दाबून तेवढ्या साइटपुरतं बंद करा आणि पान रीलोड करा. मात्र पैसे कापले गेल्याचा मेसेज आला असेल तर रीलोड नको, आधी खातं तपासा.

प्रायव्हेट टॅबमध्ये जाहिराती दिसतातच? त्या एक्स्टेंशनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट ब्राउझिंगची परवानगी वेगळी द्यावी लागते. ॲपच्या आतच उघडणाऱ्या लिंकना मात्र बहुतेकदा यातलं काहीच लागू होत नाही. त्या फायरफॉक्समध्ये उघडा.

आयफोनवर फायरफॉक्सचा उपयोग नाही. तिथे ॲप स्टोअरमधून सफारीचं एक्स्टेंशन घ्या आणि सेटिंग्जमध्ये सफारीखाली चालू करा.